दिवसाची कीर्द, महिन्याची खतावणी

हदगावच्या मोंढ्यात एका आडतीवर मी बावीस वर्षं वह्या लिहिल्या. सोयाबीनचा हंगाम लागला की दिवसभर कट्ट्यांच्या थप्प्या, हमालांचा गलका, मापाड्यानं ओरडून सांगितलेलं वजन, कुणाची पट्टी, कुणाची उचल, कुणाची मागची बाकी, हे सगळं एकाच वेळी कानावर आणि कागदावर पडायचं. रात्री शटर अर्धं खाली आलं की रोजमेळ घालायचा. सकाळच्या शिल्लकेत दिवसाची जमा मिळवायची, नावे पडलेलं वजा करायचं आणि गल्ल्यातली रोकड मोजायची. दोन्ही आकडे जुळले की घरी. वीस रुपयांच्या फरकापायी रात्रीचे अकरा वाजलेले मला आठवतात. मेळ बसला की अंथरुणाला पाठ टेकताच डोळा लागायचा. तो न बसवता घरी गेलो, तर ते वीस रुपये पहाटेपर्यंत डोक्यात फिरत राहायचे.

स्वतःची रोजनिशी लिहायला मी लागलो ती यावरूनच. दुकानाचा मेळ रोज बसत होता. माझ्या दिवसाचा हिशेब मात्र कुणीच ठेवत नव्हतं, मीसुद्धा नाही. लिहायला लागलो त्याला आता चौदा वर्षं झाली. 'डायरी लिहावी, चांगली सवय आहे' एवढं सगळेच सांगतात आणि तिथेच थांबतात. ती सवय आतून काम कशी करते, कोणत्या वाटेनं उपयोगी पडते, हे मला इथे सावकाश सांगायचं आहे.

ज्यांनी जुन्या पद्धतीचा हिशेब पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. कीर्द म्हणजे घडेल तसं, घडेल त्या क्रमानं, तारीखवार लिहिलेलं. सकाळी हमाली दिली, मग कुणी उचल नेली, मग चहाचे पैसे गेले, एकाखाली एक. खतावणी म्हणजे त्याच नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणं. एखाद्या शेतकऱ्यानं वर्षभरात सात वेळा उचल नेली, तर कीर्दीत ते सात वेगवेगळ्या पानांवर विखुरलेलं असतं. ते त्याच्या खात्यात एकाखाली एक आलं की मगच कळतं, येणं किती आहे. नुसती कीर्द लिहून खतावणी केली नाही तर दुकान बुडतं, हे मोंढ्यातल्या नव्या पोरालाही माहीत असतं. रोजनिशीचंही तसंच. मी पाहिलेले बहुतेक लोक डायरी कंटाळून सोडतात, आणि कंटाळतात कारण ते फक्त कीर्द लिहितात. लिहिलेलं परत उघडत नाहीत. फायदा बराचसा त्या उघडण्यात आहे.

आपल्याकडे रोजची नोंद हा प्रकार नवा नाही. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दी इतक्या तपशीलवार होत्या की गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतले निवडक उतारे काढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे खंडच्या खंड छापले गेले. समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर आख्खा समास घातला आहे. अक्षर कसं असावं, शाई कशी असावी, इथपासून ते कडेला मोकळी जागा का सोडावी इथपर्यंत. का, तर कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये. वाळवीनं खाल्लेली वही ज्यानं एकदा हातात धरली आहे त्याला या काळजीची किंमत कळते.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते उदाहरण नदीपलीकडचं आहे. आमच्याकडून पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे विदर्भ. त्या वऱ्हाडातल्या अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, यांनी अनेक वर्षं इंग्रजीत रोजनिशी लिहिली. १८५४ चा जन्म, १९३८ साली गेले. डिसेंबर १९१० मध्ये ते पहिल्यांदा शिर्डीला साईबाबांकडे गेले आणि पुढे डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असे सलग तिथे राहिले. तिथली त्यांची पानं पुढे छापली गेली. ती वाचताना पहिल्यांदा मी निराश झालो होतो. पहाटे उठलो, प्रार्थना केली, अमुक आले, तमुक गेले, दुपारी वाचन झालं. पानांमागून पानं अशीच. मोठ्या माणसाचे मोठे विचार शोधायला गेलेल्याला ती कोरडी वाटतात. पण दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कळलं की त्या काळातली शिर्डी कशी होती हे डोळ्यांसमोर उभं राहतं ते याच कोरड्या नोंदींमुळे. सजवून, आठवून, मागाहून लिहिलेलं पुष्कळ असतं. त्याच रात्री लिहिलेलं फार थोडं. म्हणून नवशिक्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो: छान लिहायला जाऊ नका. खरं लिहा, आणि आजचं आजच लिहा.

आणि खरं तर आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी रोजनिशी आधीपासूनच आहे. ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली कालनिर्णय काढलं; तेव्हापासून मराठी घरातल्या बाईनं त्याच्या चौकोनांत काय काय लिहिलं नाही! दुधाचा खाडा, गॅसची टाकी कधी लावली, पाळीची तारीख म्हणून कोपऱ्यात एक ठिपका, कामवालीचे दिलेले पैसे, बाळाच्या लसीचा दिवस. माझ्या आईला लिहिता येत होतं ते जेमतेम. पण म्हैस कधी भरली त्या दिवसावर ती एक गोल काढायची आणि तिथून दहा महिने दहा दिवस मोजून पुढच्या चौकोनात दुसरा गोल. म्हैस त्याच्या आगेमागेच व्यायची. त्या दोन गोलांमुळे आमच्या घरी ऐन वेळी धावपळ झालेली मला आठवत नाही. आई त्याला रोजनिशी म्हणत नव्हती, पण रोजनिशीचं सगळं कसब त्यात होतं: तारीख पक्की, खूण आपल्याला कळेल अशी, आणि वेळ आली की मागं वळून पाहायचं.

आता आत काय घडतं ते.

दिवसभरातलं अर्धवट राहिलेलं काम डोकं सोडत नाही. उद्या सोसायटीत जायचंय, खताच्या दुकानात राहिलेले पैसे द्यायचेत, पोरीच्या कॉलेजचा फॉर्म शेवटच्या तारखेला आलाय. हे विसरू नये म्हणून मन ते सारखं घोळवत बसतं, आणि ते घोळवणं रात्री अंधारात मोठं होतं. कागदावर उतरवलं की मनाला तो पहारा द्यावा लागत नाही. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची परीक्षा घेतली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. ५७ तरुण माणसं झोपेच्या प्रयोगशाळेत आणली. निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटं, पुढच्या दिवसांत करायची कामं लिहायला सांगितली. निम्म्यांना, झालेली कामं लिहायला सांगितली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. आणि यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. 'पैशाचं बघायचं' असं मोघम लिहून भागत नाही. 'सकाळी दहाला बँक, पासबुक घेऊन जायचं' असं लिहिलं की डोकं ते खाली ठेवतं. रोजमेळ बसल्यावर मला झोप का लागायची हे मला तिथे कळलं.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे, आणि तिच्यासाठी मला घरचं सांगावं लागेल.

तामसा हे आमच्याच तालुक्यातलं गाव. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, तिथल्या बारालिंगाच्या मंदिरात भाजी-भाकरीची पंगत असते. लांबून माणसं येतात. काही वर्षांपूर्वी त्या पंगतीत बसलेलो असताना थोरले बंधू, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "याला दुनियेचा हिशेब कळतो, सोताचा कळत नाही." हातातली भाकरी हातातच राहिली. मी काही बोललो नाही. घरी येऊन वही काढली आणि लिहिलं: 'आज आण्णा सगळ्यांसमोर बोलले. फार राग आला.' दुसऱ्या दिवशी परत तेच: 'चार लोकांत बोलायची काय गरज होती. राग जात नाही.' तिसऱ्या रात्री लिहायला बसलो तेव्हा 'राग' हा शब्द तिसऱ्यांदा लिहिताना हात थबकला. दोन दिवस तोच शब्द लिहून काहीही हललं नव्हतं. मग बराच वेळ बसून लिहिलं: 'राग नाही. लाज वाटली. कारण ते बोलले ते खरं आहे. सोनं गहाण ठेवून कर्ज काढलंय आणि ते मी आण्णांनाच काय, घरातही नीट सांगितलेलं नाही.' चौथ्या रात्रीची ओळ: 'म्हणून उद्या आण्णांकडे जायचं, आकडा सांगायचा.' गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या हळदीच्या पट्टीतून सोनं सोडवलं.

या चार रात्रींत काय झालं, ते शास्त्रानंही तपासलं आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये दाखवलं की रागावलेले, घाबरलेले चेहरे पाहताना माणसानं त्या भावनेला शब्दांत नाव दिलं की मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला हा भाग काहीसा शांत होतो. पण नाव बरोबर असावं लागतं, असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे काहीही झालं की 'डोकं उठलं' म्हणायची पद्धत आहे. त्या दोन शब्दांखाली चीड असते, जळफळाट असतो, धाकधूक असते, कुढणं असतं, ओशाळणं असतं. मराठीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे. चीड आली असेल तर समोरच्याशी बोलावं लागतं. लाज वाटली असेल तर आपल्यालाच काहीतरी दुरुस्त करावं लागतं. शब्द चुकला की उपाय चुकतो. मी दोन दिवस आण्णांवर चिडत होतो, कारण शब्द चुकीचा होता.

आणि त्या नोंदीतले दोन शब्द परत पाहा: 'कारण' आणि 'म्हणून'. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये सँड्रा बील यांच्याबरोबर एक साधा प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल, काहींना अगदी किरकोळ विषयांवर. दुखरं लिहिणारी मुलं लिहून उठल्यावर अधिक उदास दिसली. पण पुढच्या काही महिन्यांत ज्यांनी प्रसंगही लिहिला आणि त्याबद्दल काय वाटलं तेही लिहिलं, ती कॉलेजच्या दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. नंतर पेनेबेकर यांनी अशी पुष्कळ लिखाणं शब्दाशब्दानं तपासली. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लिखाणात पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढलेले होते. आपल्या भाषेत ते 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं', 'आता कळतं' हे शब्द. ज्यांनी तीच गोष्ट त्याच शब्दांत रोज लिहिली त्यांना तेवढा फायदा दिसला नाही.

मला रोजनिशीबद्दल एवढी उपयोगी गोष्ट दुसरी कुठे सापडली नाही. आठ दिवसांची पानं उघडा आणि 'म्हणून' शोधा. एकदाही सापडला नाही, तर तुम्ही दुखणं उगाळत आहात. त्या रात्री मुद्दाम एक वाक्य लिहा ज्यात 'कारण' येईल. आधी खोटं वाटेल. दोन-तीन रात्रींनी खरं कारण वर येतं.

तिसरं काम साक्षीचं. आठवण ही फार लबाड असते, आणि ती लबाडी आपल्याच बाजूनं करते. २०२१ च्या जुलै-ऑगस्टात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. आमच्या मोंढ्यात दुसरं बोलणंच नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा माल नव्हता. पुढे सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाच्या मागोमाग मराठवाड्यात पावसानं कहर केला, उभं पीक पाण्यात गेलं, आणि नवा माल बाजारात आला तोवर दर जवळजवळ निम्म्यावर उतरला होता. त्या दिवाळीत मी येईल त्याला सांगत होतो, "मला माहीत होतं, हा दर टिकणारा नव्हता." अगदी मनापासून सांगत होतो. मग खतावणी करताना ऑगस्टचं पान उघडलं. त्यावर माझ्याच अक्षरात होतं: 'दर अजून चढेल असं वाटतं. दिवाळीपर्यंत बाराला जाईल.'

मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं आठवत होतं. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये छापलेला एक अभ्यास आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ साली चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा काही लोकांकडून अंदाज लिहून घेतले होते, कोणती गोष्ट घडण्याची शक्यता किती. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं ते आठवा. जे प्रत्यक्ष घडलं, त्याची शक्यता आपण जास्त धरली होती असं बहुतेकांना आठवलं. निकाल कळला की मन जुना अंदाज गुपचूप बदलून ठेवतं. त्यामुळे माणूस चुकांमधून शिकत नाही. त्याला चूक झाल्याचंच आठवत नाही.

शेतकऱ्याला हे महागात पडतं. मृगाचा एक पाऊस पडला, शेजाऱ्यानं तिफण काढली, आपण मागं कसं राहायचं म्हणून पेरलं, पुढे पंधरा दिवस उघडीप, आणि दुबार पेरणी. तीन वर्षांनी तोच माणूस म्हणतो, "आपण कायम मृगातच पेरतो, कधी चुकलं नाही." परभणीच्या कृषी विद्यापीठाचे लोक दर जूनला सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. ते ऐकायला बळ यावं तर आपल्याच वहीत आपल्याच हाताची नोंद हवी: अमुक साली किती ओल होती, कधी पेरलं, एका बॅगला किती कट्टे उतरले. तज्ज्ञाचं माणूस ऐकतो न ऐकतो. स्वतःचं अक्षर नाकारता येत नाही.

आता खतावणी कशी करायची ते दाखवतो, कारण लेखाचा जीव त्यात आहे.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी तासभर बसतो. एक वेगळी वही आहे. तिच्यात चार खाती: शरीर, पैसा, माणसं, हाती घेतलेलं काम. महिन्याभराची पानं वाचत जायचं आणि जी नोंद ज्या खात्यातली असेल ती एका ओळीत तिथे उतरवायची, शेजारी कीर्दीच्या पानाचा आकडा, जसा आम्ही दुकानात घालत होतो तसा. मजकूर पुन्हा लिहायचा नाही. 'पित्त, पान ४२' एवढंच.

एका नोव्हेंबरात माझ्या शरीराच्या खात्यात 'पित्त' अकरा वेळा आलं. कीर्द लिहिताना मला ते कधी जाणवलं नव्हतं. त्या त्या रात्री ते किरकोळ वाटायचं. अकरा ओळी एकाखाली एक पाहिल्यावर मी त्या पानांवर परत गेलो. अकरापैकी आठ दिवस आवक जोरात असलेल्या दिवसांचे किंवा त्यांच्या दुसऱ्या दिवसाचे होते. आणि त्या प्रत्येक पानावर कुठे ना कुठे होतं: 'जेवण चारला', 'जेवण नाही, चहावरच'. हंगामात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर अर्धा कप चहा, असे उपाशीपोटी सात-आठ कप. ती वही मी डॉक्टरांना दाखवली. त्यांनी आधी वही वाचली, मग मला तपासलं. गोळी दिलीच, पण म्हणाले, "हे पान तुम्ही आधीच वाचायला हवं होतं." दुसऱ्या दिवसापासून भाकरीचा डबा बरोबर न्यायला लागलो आणि बारा वाजता, समोर कितीही गर्दी असली तरी, तो उघडायचा ठरवलं. पुढच्या मार्चच्या खतावणीत पित्ताच्या दोन ओळी होत्या.

बीपी आणि शुगरवाल्यांनी तर हे खातं उघडावंच. रोजचा आकडा, काय खाल्लं, झोप किती. वजन कमी करू पाहणाऱ्यांवरचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००८ साली छापून आला, सुमारे १,७०० माणसांचा. ज्यांनी रोज खाण्याची नोंद ठेवली त्यांचं वजन, अजिबात नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरलं. लिहायचं आहे हे माहीत असलं की तिसरं भजं हातातून खाली ठेवलं जातं.

रोजच्या पानाला माझ्या पाच ओळी पुरतात. वर तारीख, वार, नक्षत्र आणि ऊन-पाऊस. नक्षत्र लिहायचं कारण आमच्याकडे माणसाला महिना आठवत नाही, पण 'आर्द्रात' म्हटलं की सगळं आठवतं. मग दिवसात घडलेल्या दोन-तीन गोष्टी, मोजता येतील अशा. मग शरीर. मग मन, एक शब्द शोधून आणि शक्य तर 'कारण' घालून. शेवटी उद्याची कामं. हे उतरायला दहा मिनिटं लागतात. शेतात रात्रपाळीची लाईट असते त्या आठवड्यात मी वही आखाड्यावर नेतो. मोटार चालू व्हायची वाट पाहत बसायचंच असतं. दिवस चुकला तर चुकला. भरपाई म्हणून मागच्या चार दिवसांचं एकदम लिहायला बसू नये, ते आठवून लिहिलेलं होतं आणि कीर्दीत खाडाखोड केल्यासारखं असतं. दुकानात आम्ही कोरी ओळ आडवी रेघ मारून बंद करायचो. मी वहीतही तेच करतो, आणि पुढे लिहितो.

वही की मोबाईल, असं पोरं विचारतात. ज्याला मोबाईलवर जमतं त्यानं खुशाल लिहावं. माझं मत वहीचं आहे, कारण मोबाईल हातात घेतला की पाच ओळींच्या आत कुणाचा तरी फोन किंवा मेसेज येतो आणि आपण दुसरीकडेच निघून जातो.

गुप्तता हा प्रश्न मात्र खरा आहे, विशेषतः एकत्र घरात, आणि सगळ्यात जास्त सुनांना. बाईनं मनातलं लिहिलं आणि ते कुणी वाचलं तर त्याची किंमत तिला मोजावी लागते. म्हणून 'मन मोकळं करून लिहा' हा सल्ला मी सरसकट देत नाही. खुणा वापराव्यात. नावाऐवजी अक्षर, भांडणाऐवजी एक ठिपका, रडले असेन तर दोन. आपल्याला कळलं म्हणजे झालं. जुने कारकून मोडीत लिहायचे. आज मोडी वाचणारं घरात कुणी नसतं, आणि ती शिकवणारे वर्ग अजूनही चालतात. ज्यांना लिहिताच येत नाही त्यांनी माझ्या आईसारखे गोल काढावेत, किंवा रात्री नातवाला चार वाक्यं सांगून लिहून घ्यावीत. नातवालाही त्यातून घर कळतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रोजनिशीच्या फायद्याला मर्यादा आहे. जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये अशा लिखाणावरचे १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले. फायदा दिसतो, तो खरा आहे, पण सरासरीनं लहान आहे. कुणाला खूप, कुणाला थोडा, कुणाला काहीच नाही. घरात मृत्यू झालेला आहे, पीक नुकतंच वाहून गेलेलं आहे, अशा वेळी लगेच बसून त्याच जखमेवर लिहू नये. तेव्हा माणसांत बसावं. आणि आठवडेच्या आठवडे पानांवर अंधारच येत असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वहीत लिहिलं जात असेल, तर वही बंद करून माणसाशी बोलायची वेळ आलेली असते. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आमच्या भागात कर्जापायी किती घरं बसली हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, स्वतःसाठी नाही तरी शेजाऱ्यासाठी.

दर जानेवारीत खताच्या दुकानातून, पतसंस्थेतून, विमा एजंटाकडून डायऱ्या मिळतात. मागच्या वर्षांच्या दोन-तीन तरी आत्ता तुमच्या कपाटावर कोऱ्या पडलेल्या असतील. त्यातली एक काढा. छापलेली जुनी तारीख पेनानं खोडा, वर आजची लिहा, आणि पाच ओळी लिहून झोपा. पाडव्याची किंवा एक जानेवारीची वाट पाहू नका. आणि महिना भरला की एक तास काढून खतावणीला बसा.